‘इथे माणूसच नाही’

एकाकीपणा म्हणजे माणसांचा अभाव, अशी आपली साधी समजूत असते. मुले परदेशी गेली, जोडीदार गेला, घर रिकामे झाले, की माणूस एकटा पडतो, हे खरेच आहे. पण एवढेच खरे असते, तर भरल्या घरात कुणी एकाकी राहिले नसते आणि रानात राहणारा प्रत्येक जण झुरून गेला असता. दिवाळीच्या चार दिवसांत तर याचा उलटाच प्रत्यय पुष्कळदा येतो. दिवाणखान्यात पंधरा माणसे फराळाला बसलेली असतात, आणि त्यांतला सर्वांत अधिक बोलणारा गृहस्थच सर्वांत अधिक एकटा असतो. त्याच्या बोलण्यात त्याचे पद येते, त्याचा बंगला येतो, त्याने कुणाला कसे गप्प केले त्याच्या कथा येतात. कुणी दुसरा विषय काढला, की त्याचा चेहरा मालवतो. पुन्हा त्याच्याकडे लक्ष गेले, की उजळतो. आपण मनात ‘काय हा गर्व!’ असे म्हणतो आणि चकलीचा डबा पुढे सरकवतो. हा मनुष्य रात्री अंथरुणाला पाठ टेकल्यावर कशाने तळमळत असेल, हे विचारण्याच्या भानगडीत आपण पडत नाही.

मनोविश्लेषणाने हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे लावून धरला आहे. मला मात्र तो ग्रंथांत भेटला त्याच्या आधी सूरजागडच्या वाटेवर भेटला.

सूरजागड हे गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यातले डोंगराळ रान. 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपुरातून गडचिरोली वेगळा झाला, तोवर हा सारा मुलूख चांद्याचाच होता. आलापल्लीचे सागवान मागे टाकून एटापल्लीकडे निघाले, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी साग, ऐन, मोह आणि बांबू दाटत जातात. सूरजागडच्या डोंगरात लोखंड आहे. त्याच डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे, आणि जानेवारीत त्याच्या यात्रेला पट्टीतल्या गावोगावची माणसे येतात. माझे एक स्नेही सरकारी नोकरीत होते. त्यांची बदली या भागात झाली. ‘गडचिरोलीला बदली’ या शब्दांना आपल्या कचेऱ्यांत एक विशेष अर्थ आहे. ती शिक्षा समजली जाते, आणि जाणाराही शिक्षा झाल्यासारखाच जातो. मी आठ दिवस त्यांच्याकडे पाहुणा म्हणून राहिलो.

हे गृहस्थ शहरात असताना सभांना अध्यक्ष म्हणून जात. हार घ्यावे, फोटोत मधोमध उभे राहावे, दुसऱ्याच्या मुलीच्या लग्नात आपल्या सत्काराची गोष्ट सांगावी, हा त्यांचा स्वभाव. वाईट मनुष्य नव्हे. कामात चोख, पैशाला स्वच्छ. पण इथे ते महिन्याभरात वाळून गेले होते. फोनला रेंज मिळेल त्या कोपऱ्यात उभे राहून, जुन्या मंडळींपैकी कुणी आठवण काढली आहे काय, ते पाहत. एका संध्याकाळी ओसरीवर बसलो असता ते म्हणाले, “तुम्हाला सांगतो, सगळे सोसवेल. पण इथे माणूसच नाही हो!”

त्या दिवशी गावचा आठवडी बाजार होता. आमच्या समोरून माणसांची रांग चालली होती. बांबूच्या टोपल्या, चिंच, सुकी मासळी, मिठाच्या पिशव्या, काखेत कोंबडा, पाठीशी झोळीत झोपलेले मूल. दोनशे माणसे तरी त्या वेळात गेली असतील. आणि माझे स्नेही खोटे बोलत नव्हते. त्यांना खरोखरच त्यांत माणूस दिसत नव्हता. त्यांच्या लेखी माणूस म्हणजे ज्याच्या डोळ्यांत आपले मोठेपण उमटते तो. त्या बाजारकरूंना त्यांचे पद ठाऊक नव्हते, त्यांच्या सत्कारांची वार्ता नव्हती. ते सारे आरसे शहरात राहिले होते, आणि आरशांबरोबर स्वतः तेही तिथेच राहिले होते.

ग्रीक पुराणात नार्सिसस नावाच्या रूपवान तरुणाची गोष्ट आहे. तळ्याच्या पाण्यात त्याला स्वतःचे प्रतिबिंब दिसले, तो त्यावर भाळला आणि तिथेच झुरून संपला. या कथेवरून पाश्चात्य मानसशास्त्राने एका वृत्तीला नाव दिले. मराठीत तिला आत्मरती म्हणतात. ही गोष्ट सांगताना लोक एको या वनदेवीला विसरतात. नार्सिससवर प्रेम करणाऱ्या या एकोला शाप होता, की तिने आपण होऊन बोलू नये, दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे परत उच्चारावेत. मला ही कथा फार शहाणी वाटते. जिथे नार्सिसस राहतो तिथे एको असतेच. ती कधी बायको असते, कधी मुलगा, कधी हाताखालचा कारकून. त्यांना स्वतःचे वाक्य उरत नाही. आणि ज्याच्या घरी सगळे त्याचेच शब्द परत करतात, त्याच्याशी बोलणारे कुणीच नसते. नार्सिससचा एकटेपणा त्यानेच, स्वतःला न कळत, असा तयार केलेला असतो. दुसरी गोष्टही ध्यानात घेण्यासारखी आहे. तो स्वतःवर प्रेम करीत नव्हता, तो प्रतिमेवर प्रेम करीत होता. पाण्याला हात लावला की प्रतिमा मोडते, म्हणून तहान लागली तरी त्याला ते पाणी पिता येत नव्हते.

फ्रॉइडने 1914 साली आत्मरतीवर एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे, की ही वृत्ती काही मोजक्या विकृत माणसांची मिरासदारी नाही; प्रत्येक मूल तिच्यातूनच येते. आईबाप मुलाला राजा करतात आणि आपली राहून गेलेली स्वप्ने त्याच्या डोक्यावर मुकुटासारखी ठेवतात. यथाकाल तो मुकुट उतरतो आणि प्रेम बाहेर, दुसऱ्या माणसांकडे वाहू लागते. ज्याचे वाहत नाही, तो आजारी पडतो. बी-बियाण्यापुरते धान्य शेतकऱ्याला घरात ठेवावेच लागते, तसे थोडे आत्मप्रेम प्रत्येकाला हवेच. पण सारेच कणगीत कोंडले, तर पेरणार काय?

पुढे हिटलरच्या छळामुळे व्हिएन्ना सोडावी लागलेल्या दोघांनी या विचाराला दोन वाटा फोडल्या. हाइन्झ कोहुट शिकागोत स्थिरावला. त्याचे प्रमुख पुस्तक 1971 चे. तो म्हणतो, मूल आईच्या डोळ्यांत स्वतःला पाहते. तिथे कौतुक दिसले, तर त्याला ‘मी आहे’ याचा भरवसा येतो. ज्याला ते मिळाले नाही, तो मोठेपणीही डोळे शोधत हिंडतो. म्हणजे त्याची बढाई हे मुळात पोट न भरलेल्या मुलाचे रडणे आहे. ऑटो केर्नबर्ग हा दुसरा. त्याला या बढाईच्या आड राग आणि मत्सर दिसला. दुसऱ्याजवळ काही चांगले आहे, आणि आपल्याला त्याची गरज आहे, हे असह्य होऊन हा मनुष्य दुसऱ्याला तुच्छ करतो; कारण ज्याला तुच्छ केले, त्याचे उपकार मानावे लागत नाहीत. एकाने भूक पाहिली, दुसऱ्याने दात पाहिले. माझ्या मते दोघांनी एकच मनुष्य पाहिला.

आपल्या वाचकांना याचा पुरावा व्हिएन्नाहून मागवावयास नको. तो महाभारतात आहे. मयसभेत दुर्योधन फसला. स्फटिकाच्या भूमीला पाणी समजला आणि पाण्याला भूमी समजून आत पडला. द्रौपदी हसली आणि म्हणून युद्ध झाले, असे आपण लहानपणापासून ऐकतो. पुण्याच्या भांडारकर संस्थेने सिद्ध केलेल्या आवृत्तीत हा प्रसंग पाहिला, तर मौज दिसते. घटना घडते तेव्हा सेवक हसतात, भीम, अर्जुन आणि माद्रीपुत्र हसतात. द्रौपदीचे नाव तिथे नाही. ती येते पुढे, जेव्हा दुर्योधन हीच हकिकत आपल्या बापाला सांगतो तेव्हा. त्याच्या सांगण्यात कृष्णही हसतो आणि स्त्रियांसह द्रौपदीही हसते. दुखावलेल्या मनाने हसणारे वाढवले! आणि ही हकिकत तो कुणाला सांगतो? ज्याने त्याला कधी पाहिलेच नाही, अशा आंधळ्या पित्याला. आई डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेली. ज्या मुलाने आईबापांच्या डोळ्यांत स्वतःला एकदाही पाहिले नाही, त्याने साऱ्या जगाला आरसा होण्याची सक्ती करावी, यात नवल ते काय? व्यासांना हे ठाऊक होते की नाही, मी सांगू शकत नाही. पण त्यांनी ते लिहून ठेवले आहे.

इथे खरा नैतिक पेच उभा राहतो. दुर्योधनाचे बालपण कळल्यावर त्याला माफ करावयाचे काय? आत्मरती हे दुखणे आहे की दोष? दुखणे असेल, तर आपण रागावू नये; दोष असेल, तर कीव करू नये.

शास्त्रज्ञांचेही यावर एकमत झालेले नाही. 1980 साली अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदानपुस्तिकेत ‘आत्मरत व्यक्तिमत्त्वविकार’ असे नाव नोंदवले. उलट, जागतिक आरोग्य संघटनेच्या 2022 पासून लागू झालेल्या वर्गीकरणाने व्यक्तिमत्त्वविकारांची बहुतेक वेगवेगळी नावे काढून टाकली आणि विकार किती तीव्र आहे हे पाहण्याचा मार्ग धरला. तेव्हा आपण घरबसल्या आत्याला किंवा मेव्हण्याला अशी निदाने चिकटवण्याचा उद्योग करू नये. ते काम तज्ज्ञाचे. आणि चिकटवणाऱ्यालाही त्यातून एक सूक्ष्म मोठेपणा मिळतो, हे विसरू नये. पण पेच राहतोच. मला सुचते ते उत्तर असे : कारण कळणे निराळे आणि निर्दोष सुटणे निराळे. पाय अधू का झाला हे कळले, तर आपण त्या माणसाला हसणार नाही, त्याच्यासाठी चाल मंद करू. पण त्याने आपली काठी दुसऱ्याच्या पाठीवर टेकवावी, हे मान्य करणार नाही. अशा माणसाच्या घरातल्या एकोला ‘समजून घे’ असे सांगत राहणे, हा मला उघड अन्याय वाटतो. तिने स्वतःचे वाक्य बोलावे. त्यात तिचे हित आहेच. पण त्याचेही आहे, कारण दुसरा आवाज कानी पडल्याखेरीज त्याचा एकटेपणा सुटणार नाही.

आता एकटेपणाच्या दुसऱ्या बाजूकडे वळू. सूरजागडच्या वाटेवर मला गुरे राखणारा दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा भेटला. भोवती मैलभर कुणी नव्हते. मी विचारले, “एकटाच का रे?” मोडक्या मराठीत तो म्हणाला, “एकला कुठं? ढोरं आहेत ना.” प्रश्नच त्याला चुकीचा वाटला असावा. डोनाल्ड विनिकॉट या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने 1958 साली एक छोटा लेख प्रसिद्ध केला. त्यातला विचार या उत्तरावर भाष्य वाटावा असा आहे. एकटे राहता येणे ही शक्ती आहे, आणि ती एकटे ठेवल्याने येत नाही, असे तो म्हणतो. आई जवळ आहे, पण ती मागे लागलेली नाही. मूल आपल्या नादात खेळते आहे. असे पुष्कळ दिवस गेले, की आई मुलाच्या आत राहावयास येते, आणि मग रानातही सोबत असते.

माडियांच्या गावात गोटुल असते. गावाची बैठक तिथे, नाचगाणे तिथे, परगावचा पाहुणा मुक्कामाला तिथे. गोटुलात बसणाऱ्याने काही केलेच पाहिजे, बोललेच पाहिजे, असे नसते. तो तिथे आहे एवढे पुरते. आपल्याकडे नुसते असण्याची जागा कुठे राहिली आहे? पूर्वी ओटे होते, पार होते. आता जिथे जावे तिथे काहीतरी सिद्ध करावे लागते, निदान स्वतःचे छायाचित्र तरी दाखवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने 2025 मध्ये सांगितले, की जगातल्या दर सहा माणसांमागे एकाला एकाकीपणाने ग्रासले आहे. हातात संपर्काची एवढी साधने असताना हे व्हावे, याचे कारण मला असे दिसते, की साधने आरशाची आहेत. ती आपल्याकडे पाहिल्याची संख्या सांगतात. कुणी आपल्यापाशी बसले की नाही, ते सांगत नाहीत.

मात्र इथे सावध राहिले पाहिजे. अरण्यातला मनुष्य निष्पाप, सुखी आणि शहरातला तेवढा बिघडलेला, असे चित्र काढणे फार सोपे आहे. त्या रानात हिवताप आहे, उपासमार झालेली आहे. 1980 नंतरच्या कित्येक वर्षांत नक्षलवादी आणि पोलीस यांच्या झुंजीत माणसे दोन्हीकडून भरडली गेली आहेत. गोटुलातही ज्याचे कुणाशी पटत नाही, असा एखादा असेलच. व्हेरियर एल्विन यांचा बस्तरच्या मुरियांच्या गोटुलावरचा ग्रंथ 1947 साली आला, तेव्हापासून आपण शहरी माणसे त्या संस्थेत कधी स्वैराचार पाहतो, कधी स्वर्ग. दोन्ही वेळा आपलेच दडपलेले काहीतरी आपण पाहत असतो. सूरजागडच्या डोंगराचेही तसेच. 2021 पासून तिथे लोहखनिजाची खाण जोराने चालू झाली. ती असावी की नसावी, हा या लेखाचा विषय नाही. तिथे रोजगार मिळालेली माणसे आहेत आणि देवाच्या डोंगरासाठी कष्टी झालेलीही आहेत. मला एवढेच म्हणावयाचे आहे, की व्यक्तीप्रमाणे समाजालाही आत्मरती जडू शकते. ज्या मुलखातून लाकूड हवे, लोखंड हवे, बांबू हवा, त्याच मुलखाविषयी ‘इथे माणूसच नाही’ असे वाटणे, हे माझ्या स्नेह्यांच्या वाक्याचेच मोठे रूप आहे. तिथली बदली शिक्षा ठरते, याचा अर्थ तिथे जन्मलेल्यांना आपण काय समजतो, हा विचार आपल्या मनाला शिवतही नाही.

यावर उपाय काय? उपदेशाने आरसा फुटत नाही. तो फुटतो कसा, याचे एक उदाहरण याच मुलखाने दिले आहे. मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म 26 डिसेंबर 1914 चा. हे वरोड्याचे वकील, घरचे संपन्न. इंग्रज शिपायांच्या तावडीतून एका मुलीला वाचवल्यावर गांधीजींनी त्यांना ‘अभयसाधक’ म्हटले. नगरपालिकेच्या राजकारणात असताना त्यांनी स्वतः मैला वाहिला. म्हणजे निर्भय मनुष्य, ही त्यांची प्रतिमा लोकांच्या मनात होती आणि स्वतःच्याही. मग पावसाच्या एका रात्री त्यांना तुळशीराम नावाचा महारोगी गटाराकाठी पडलेला दिसला. बोटे झडलेली, जखमांत किडे. आणि हा अभयसाधक पळाला.

कुणाला कळले नसते. प्रतिमा शाबूत राहिली असती. आपल्यांतले बहुतेक जण अशा वेळी प्रतिमेची बाजू घेतात आणि तो प्रसंग विसरून जातात. आमट्यांनी भीतीची बाजू घेतली. ती खरी आहे, असे मानले. ते परत गेले, तुळशीरामाला आडोसा केला, खाऊ घातले, त्याच्या मरणापर्यंत त्याची शुश्रूषा केली. 1951 साली आनंदवन उभे राहू लागले, आणि 1973 साली भामरागडच्या रानात हेमलकसा. आपण हे त्यागाचे उदाहरण म्हणून सांगतो. मला ते अगोदर एका प्रतिमेच्या मरणाचे उदाहरण वाटते. ज्याच्या चेहऱ्यात आपले काहीच दिसत नाही, अशा माणसाकडे बाबांनी मान न वळवता पाहिले. तुळशीराम त्यांचा आरसा होऊ शकत नव्हता. म्हणूनच तो त्यांना माणूस म्हणून भेटू शकला.

आपल्यासारख्यांना एवढे जमणार नाही, आणि जमलेच पाहिजे असेही नाही. माझ्या त्या स्नेह्यांचेच पाहा. त्यांचा काही कायापालट झाला नाही. दीड वर्षाने त्यांची शहरात बदली झाली आणि ते पुन्हा हार घेऊ लागले. मात्र पुढे एकदा बोलता बोलता ते म्हणाले, “त्या गावात एक म्हातारा रोज माझ्या फाटकावरून जाई. दीड वर्षात त्याने मी कोण हे विचारले नाही. रोज एकच विचारी, ‘साहेब, जेवन झालं का?’ पहिल्यांदा मला राग येई. शेवटी शेवटी मी त्याची वाट पाहत असे.” इतके बोलून त्यांनी विषय बदलला. मला वाटले, या गृहस्थांना आयुष्यात मिळालेला हा एकच सत्कार असा होता, की जो त्यांच्या पदाचा नव्हता.

कोहुटचा भुकेला आणि केर्नबर्गचा दाती धरणारा, दोघांनाही हा प्रश्न पचतो, असे दिसते. कौतुकाने त्यांची भूक वाढते, निर्भर्त्सनेने दात तीक्ष्ण होतात. साध्या विचारपुशीत मात्र कौतुकही नसते आणि निर्भर्त्सनाही नसते. ‘तू मोठा आहेस’ किंवा ‘तू खोटा आहेस’ असे ती म्हणत नाही. ‘तू आहेस, आणि तुला भूक लागते’ इतकेच तिला ठाऊक असते.

तेव्हा या दिवाळीत आपल्या दिवाणखान्यातल्या त्या फार बोलणाऱ्या गृहस्थाला वाहवा देऊ नये आणि टोमणाही मारू नये. त्याच्या बायकोचे वाक्य अर्धे राहिले असेल, तर आधी तिला ते पुरे करू द्यावे. मग त्याच्यापाशी थोडे बसावे. आणि त्याच्याकडे पाहताना आपण कितपत समंजस दिसतो आहोत, याकडे चोरून नजर टाकू नये. हे शेवटचे सर्वांत कठीण आहे. तो गृहस्थ आपल्याहून फार वेगळा नाही, हे तेवढ्यातच कळून येते.